चार बोटांवरचे टाके

ओक्दान आत्यानं रजईखाली एक हात सारला, दुसरा वर ठेवला आणि दोन्ही तळवे दाबून ती थांबली.

मोक्पोहून ती पहाटेच्या बसनं निघाली होती. आल्या आल्या सुक्या मासळीची जुडी ओसरीवर टाकली, रबरी बूट उंबऱ्याशी काढले, हात धुतले आणि कुणी काही विचारायच्या आत थोरल्या खोलीत शिरली. भाचीच्या, सुनिमच्या, लग्नाला पाच दिवस उरले होते. आज तीन वाजता भाड्याचा टेम्पो येणार होता आणि ही रजई सुनिमच्या होणाऱ्या सासरी, सुन्चॉनला जाणार होती. तिथली विहीणबाई आळीतल्या बायका जमवणार, गाठोडं सोडणार आणि नेमकी अशीच, दोन तळव्यांत धरून रजई दाबून बघणार. त्या एका दाबण्यात सुनिमच्या माहेराची सगळी परीक्षा होती. रजई चांगली निघाली तर कुणी काही बोलणार नव्हतं. वाईट निघाली तर सुनिमला ती म्हातारी होईपर्यंत ऐकावं लागणार होतं.

"वहिनी, कापूस किती भरलाय?" आत्यानं विचारलं.

"साडेपाच किलो," थोरली वहिनी म्हणाली. ती दाम्यांगची, म्हणून सगळं गाव तिला दाम्यांगवाली म्हणे. छप्पन्न वर्षांची, नवरा धडधाकट, तीन मुलगे, सासूसासरे आपल्या हातांनी शेवटपर्यंत सांभाळलेले. अशा भरल्या घरच्या बाईनंच लग्नाची रजई शिवायची असते. आजूबाजूच्या चार गावांत कुणाकडे लग्न निघालं की आधी तिला बोलावणं येई.

"साडेपाच किलो असा लागतो? ही तर चटई आहे."

"घडी घालून ठेवली होती रात्रभर. बसलाय थोडा."

"नवा कापूस एका रात्रीत बसतो होय?"

आत्यानं साटीनवरून बोटं फिरवायला सुरुवात केली. लाल साटीन, कडेला हिरवी पट्टी, मागं पांढरं खळ घातलेलं सुती कापड. दिसायला रजई देखणी होती. पण बोटांना आत खड्डे लागत होते. एक खड्डा. मग चार बोटं सरकली की दुसरा. मग परत चार बोटं.

"चार बोटांवर टाके!" आत्या सरळ बसली. "वहिनी, नव्या कापसाला कुणी चार बोटांवर टाके घालतं का?"

दाम्यांगवाली कडेची हिरवी पट्टी बोटांनी सारखी करू लागली.

शिवण करणाऱ्या बाईला यातलं वेगळं सांगावं लागत नाही, पण ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. रजईच्या कापसाचे थर आधी मलमलीत गुंडाळतात आणि मलमलीसकट कच्चे टाके घालून जागच्या जागी धरून ठेवतात. त्यावर साटीनची खोळ चढते. हे आतले टाके कापूस बघून घालायचे. पहिल्या वेचणीच्या नव्या कापसाचे तंतू लांब असतात, ते एकमेकांना धरून राहतात. त्याला वीतभर अंतरावर एक टाका बास. जवळ टाके घातले तर तो दबतो, श्वास घेत नाही. जुना कापूस मात्र पिंजाऱ्यानं पुन्हा पिंजला की तंतू तुटके होतात. तो धुतल्यावर, झटकल्यावर सरकतो आणि गोळा होऊन पायथ्याशी जमतो. म्हणून त्याला चार बोटांवर टाके. आणि हल्ली बाजारात आलेला कारखान्याचा नकली कापूस तर कशालाच चिकटत नाही. त्याला आरपार शिवणच मारावी लागते. म्हणजे रजई न उघडताही टाक्यांवरून ओळखता येतं, आत काय आहे.

आत्यानं तेच ओळखलं होतं.

तिला आणखीही एक गोष्ट आठवत होती. या कापसासाठी बोसोंगवालीनं, म्हणजे तिच्या मेलेल्या धाकट्या भावाच्या बायकोनं, सुनिमच्या आईनं, उतारावरच्या दगडाळ तुकड्यात तीन वर्षं कापूस लावला होता. एका वर्षात पुरेसा निघत नव्हता, म्हणून तीन. तो पिंजायला तालुक्याला नेला तेव्हा त्याच हातगाडीवर थोरल्या वहिनीच्या दोन जुन्या गाद्याही पिंजायला गेल्या होत्या. मागच्या थंडीत थोरल्या वहिनीच्या मधल्या मुलाचं लग्न झालं. त्या रजईचा कापूस एवढा फुगला होता की कपाटाचं दार लागेना. आणि आता तिसऱ्या मुलाचं जमत आलंय म्हणतात.

"बोसोंगवाली," आत्यानं हाक मारली, "पिंजाऱ्याकडून कापूस आणला तेव्हा तू होतीस का?"

बोसोंगवाली खोलीच्या दाराबाहेर, ओसरीवर बसून रताळी सोलत होती. आत आली नाही. "नव्हते, वन्सं."

"कोण होतं?"

"जाऊबाई होत्या."

"अस्सं," आत्या म्हणाली.

*

सुनिम या सगळ्या वेळात भिंतीला टेकून बसली होती. ग्वांग्जूच्या कापडगिरणीत चार वर्षं काम केल्यामुळे कापसाचं तिलाही कळत होतं. आत्यानं तळवे दाबले तसंच काल संध्याकाळी तिनंही गुपचूप दाबून बघितलं होतं. तिलाही रजई चटईच वाटली होती. कुणाला सांगावं हे न कळून तिनं ती परत घडी घालून ठेवली होती.

आता ती काकूकडे, दाम्यांगवालीकडे, बघत होती. काकूचा चेहरा कधी बदलत नसे. सुनिमचे वडील बांधावर काम करताना दरड कोसळून गेले त्या दिवशीही काकू अशीच बसली होती, पाठ ताठ, हात मांडीवर. त्यानंतर अकरा वर्षं काकूच्या कोठारातूनच मायलेकींचं धान्य आलं. दर वेळी काकू पायलीवर हात फिरवून वरचा ढीग सपाट करून देई. कमी नाही, पण जास्तही नाही. सुनिमला तो फिरणारा हात लहानपणापासून आवडत नव्हता.

"उघडा," आत्या म्हणाली. "एक बाजू उसवा. कापूस बघू."

"घातलेली खोळ उसवायची नसते," काकू म्हणाली. "एकाच दोऱ्यानं शिवलीय. मधे जोड नाही, गाठ नाही."

"ते मला शिकवता? पण आत काय आहे ते मोलाचं, का दोरा?"

"वन्सं, मी शिवलेलं मी उसवणार नाही. मुलीच्या संसाराला बरं नाही ते."

"मुलीच्या संसाराची फार काळजी आहे बाई तुम्हाला! मग काडी लावून बघायला काय हरकत आहे? चिमूटभर कापूस जाळला की कळेल, राख होते का मणी होतो."

"म्हणजे मी नकली कापूस घातला म्हणता?"

"मी काही म्हणत नाही. टाके म्हणतायत."

ओसरीवर सुरीचा आवाज थांबला होता. "वन्सं," आई बाहेरूनच म्हणाली, "राहू द्या ना. बरी आहे रजई."

सुनिमनं मान वळवली. तीन वर्षं पाठीचा काटा ढिला होईपर्यंत बोंडं वेचणारी तिची आई, एका बोंडाची सरकी वाया गेली तरी हळहळणारी, आणि आता म्हणते राहू द्या? तिला राग का येत नाही? आईला हे आधीपासून माहीत होतं का? काकूला तोंडानं नाही म्हणता येईना म्हणून तिनं कापूस देऊन टाकला का? अकरा वर्षांच्या धान्याची परतफेड म्हणून?

एकदा ही शंका आली आणि मग जाईना. आईची खाली घातलेली मान, काकूचं ते न उघडणं, सगळं त्या शंकेच्याच बाजूनं बोलायला लागलं.

"उसवा," सुनिम म्हणाली.

तिघींनी तिच्याकडे बघितलं.

"तू मधे बोलू नकोस," काकू म्हणाली.

"रजई माझी आहे, काकू. सुन्चॉनला बायकांच्या घोळक्यात ती मलाच बघत बसायचीय. तिथं कळण्यापेक्षा इथं कळू दे."

"बघा, पोरीला अक्कल आहे," आत्या म्हणाली.

काकूनं आधी अंगणाकडे बघितलं. थोरले काका घरी नव्हते. टेम्पोवाल्याला फोन लावायला सरपंचाकडे गेले होते. येईपर्यंत तासभर तरी जाणार. काकूनं तेच बघितलं, हे सुनिमच्या ध्यानात आलं, आणि तिची शंका आणखी घट्ट झाली.

"दार ओढून घे," काकू म्हणाली. "आणि बोसोंगवाली, तू आत ये. बाहेर बसून ऐकू नकोस."

*

दाम्यांगवालीनं दोरा कापला नाही. कोपऱ्यातल्या शेवटच्या टाक्याखाली सुईचं टोक घातलं आणि आलेल्या वाटेनं एकेक टाका सोडवत दोरा मागं काढत गेली. हाताभर, दोन हात, मग सबंध बाजू. निघालेला दोरा ती डाव्या हाताच्या अंगठ्याभोवती गुंडाळत होती. खोळीची एक कड मोकळी झाली आणि मलमल दिसली.

बोसोंगवाली दाराला पाठ लावून बसली होती. रजईपासून जेवढं लांब बसता येईल तेवढं. लग्न ठरलं त्या दिवशी मोठ्या दिरांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं की धाकटीनं शिवणाला हात लावायचा नाही, तिचं कपाळ आपल्याला माहीत आहे. त्यात राग नव्हता. आज पाऊस येणार नाही, असं सांगावं तसं सांगितलं होतं. तिनं मान डोलावली होती. कापूस मात्र तिचाच घेतला, कारण कापसाला कपाळ नसतं.

आत्यानं खोळ ओढून काढली, मलमलीचा कोपरा उचलला, आत दोन बोटं घालून कापसाचा पुंजका ओढला आणि उजेडात धरला. मग दोन्ही हातांनी हळूच ताणला. तंतू लांबत गेले, लांबत गेले, आणि कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक होऊन लटकले, पण तुटले नाहीत.

"काडी दे," ती सुनिमला म्हणाली.

पुंजका भुर्रकन पेटला आणि विझला. कागद जळल्यासारखा वास आला. आत्यानं बोटांवर राख चोळली. मऊ, करडी. मणी नाही, चिकटा नाही.

दुसऱ्या कोपऱ्यातून काढला. मधल्या बाजूनं काढला. सगळीकडे तेच.

"पहिल्या वेचणीचा आहे," आत्या म्हणाली. आवाज खाली आला होता, पण संशय गेला नव्हता. "नवाच आहे. वर रेशमाचा पातळ थरही दिलाय, साटीनवर घसरू नये म्हणून. सगळं नीट. मग वहिनी, एवढ्या चांगल्या कापसाला असे टाके घालून मारलंत का? चाळीस वर्षं रजया शिवताय तुम्ही. वीतभरावर टाका, हे झोपेतसुद्धा चुकणार नाही तुमचं. का कुणाची रजई चांगली होऊ द्यायची नव्हती?"

"वन्सं!" दाम्यांगवालीचा आवाज पहिल्यांदाच चढला.

"मग सांगा ना!"

दाम्यांगवाली अंगठ्यावरचा दोरा सारखा करू लागली.

आत्या वाकून टाके बघू लागली. नाक मलमलीला टेकेल इतकी वाकली. तिचं बोट एका टाक्यावरून दुसऱ्यावर गेलं, मग तिसऱ्यावर, आणि तिथं अडलं. टाके सगळे उलट्या बाजूला कललेले होते. उजव्या हातानं घातलेला टाका असा कलत नाही. आत्यानं मान वर केली. दाराशी बोसोंगवाली बसली होती, आणि आत येताना ठेवायची विसरलेली सुरी तिच्या डाव्या हातात होती.

"माझे आहेत," बोसोंगवाली म्हणाली.

तिला वाटलं होतं, हे शब्द तोंडातून निघायला फार जड जातील. तसं झालं नाही. जाऊबाईंवर चोरीचा आळ चढत चालला होता, आता बोललं नसतं तर तो पुसला गेला नसता.

"तुझे?" आत्या म्हणाली. "तू हात लावलास? लग्नाच्या रजईला?"

"जाऊबाई नातू शंभर दिवसांचा झाला त्याच्या जेवणाला ग्वांग्जूला गेल्या होत्या. कापूस मलमलीत घालून ठेवला होता, टाके आल्यावर घालणार होत्या. तेव्हा."

"सगळे?"

"एकच घालणार होते, वन्सं. खरंच एकच. कोण बघतंय, म्हटलं. मग वाटलं त्याच्या शेजारी एक असावा. एकटा बरा दिसत नव्हता." ती थांबली. "मग हात थांबला नाही."

"अगं पण चार बोटांवर का? एवढाही कापूस कळत नाही तुला? स्वतः पिकवलेला?"

बोसोंगवालीनं आपल्या हाताकडे बघितलं. तिनंही या गोष्टीचा तेव्हा विचार केला नव्हता. शेवटचा टाका घालून रजईवर हात ठेवला तेव्हा तिच्या लक्षात आलं होतं, आणि तोपर्यंत जाऊबाईंची बस यायची वेळ झाली होती.

"माझ्या हाताला तेच ठाऊक आहे," ती म्हणाली. "अकरा वर्षं मी जुनाच कापूस भरतेय. नवा कापूस भरायला हातात कधी आलाच नाही, तर वीतभराचं अंतर हाताला कुठून कळणार?"

सुनिमनं पदर ओढावा तसा तळहात तोंडावर ओढून घेतला. कालपासून तिनं कुणाकुणाबद्दल काय काय मनात आणलं होतं, ते तिचं तिलाच माहीत.

*

दाम्यांगवालीला आता काही लपवायचं उरलं नव्हतं. तिनं अंगठ्यावरचा दोरा नीट सोडवून रिळासारखा बाजूला ठेवला.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"काय ठाऊक होतं?" आत्या.

"सगळं. ही घालणार हेही. जाताना खोलीला कुलूप लावायचं मीच राहू दिलं. मुद्दाम सांगून गेले, दोन दिवस लागतील म्हणून. मला वाटलं, घालेल बिचारी दोन-चार टाके, कोपऱ्यात कुठेतरी. आल्यावर बघते तर सबंध रजई भरून!" तिला आता, एवढ्या सगळ्यात, हसू यायला लागलं आणि ते तिनं दाबलं. "हात लावला तेव्हाच कळलं, कापूस गुदमरलाय. उसवायला बसले. दोनदा बसले. सुई टाक्याखाली घातली की पुढं जायला होईना. शेवटी खोळ चढवून टाकली."

"आणि विहीणबाईंनी दाबून बघितलं असतं म्हणजे?"

"मग म्हटलं असतं त्यांनी, दाम्यांगवालीला शिवता येत नाही. मला बोललं तर मला. ही मुलगी तर सुटली असती."

"ती कशी सुटेल?" आत्या फणकारली. "तुमची अब्रू तुम्ही उधळा, पण पोरीला काय दिलंत, हाच हिशेब तिथल्या बायका करणार." मग जरा थांबून तिनं विचारलं, "दादाला माहीत आहे?"

"नाही."

"कळलं तर?"

काय होईल ते सगळ्यांना माहीत होतं. मान्शिक, दाम्यांगवालीचा नवरा, वाईट माणूस नव्हता, पण ठरवलेलं मोडत नसे. ही रजई त्यानं जाऊ दिली नसती. तालुक्याच्या दुकानातून नकली कापसाची तयार रजई आणली असती आणि तीन वर्षांचा हा कापूस कुठेतरी माळ्यावर गेला असता. आणि बोसोंगवालीनं आपल्या मुलीच्या लग्नाचे पाचही दिवस स्वयंपाकघराच्या बाहेर पाऊल टाकलं नसतं.

"उसवायलाच पाहिजेत," आत्या म्हणाली. तिचा स्वर कडक होता, पण आता ती कुणाकडे न बघता मलमलीकडे बघत होती. "सगळे. मी या गोष्टी मानते. मला कुणी सांगू नका की काही होत नाही. मला दोनच मुली, मुलगा नाही. माझ्याही हाती कुणी लग्नाची सुई दिली नाही आजपर्यंत. नणंदेच्या लग्नात मी भांडी घासली. मी काही बोलले का? रीत आहे ती आहे."

"आहे," दाम्यांगवाली म्हणाली. "पण टाके कापसासाठी असतात, वन्सं. या कापसाला वीतभरावर एक लागतो. ते तर घालायलाच हवेत ना?"

"तुम्ही घाला."

"मी कशाला? घातलेलेच आहेत. तीन टाके म्हणजे एक वीत. दोन काढायचे, एक ठेवायचा. कापूस मोकळा होईल."

आत्यानं वीत लावून टाके मोजले. "वहिनी, तुम्ही फार पोचलेल्या आहात."

"तीन मुलगे वाढवलेत."

"आणि उसवणार कोण? तुमच्यानं तर दोनदा झालं नाही."

दाम्यांगवालीनं सुई मलमलीवर आडवी ठेवली आणि ती दाराच्या दिशेनं सरकवली. "हीच उसवेल. यांनी शिवायला मनाई केलीय. उसवायला कुणी मनाई केलेली नाही."

बोसोंगवाली उठली नाही. सुईकडे नुसती बघत बसली. मग सुनिम उठली, आईच्या हातातली सुरी काढून घेतली आणि तिला दंडाला धरून रजईपाशी आणून बसवलं.

"कुठून?" आईनं विचारलं.

"कडेपासून," दाम्यांगवाली म्हणाली. "दोरा ओढू नकोस, कापूस वर येतो. टोकानं आधी सैल कर, मग उचल. हां. आता त्याच्या पुढचा. आता एक सोड."

बोसोंगवालीनं सुई डाव्या हातात घेतली. एक काढला. दुसरा काढला. तिसऱ्याशी आली की ती सुई उचलून धरी, जराशी थांबे आणि त्याच्यावरून पुढं जाई. पहिली ओळ संपली तेव्हा कापूस अजून तसाच दबलेला होता. दुसरी ओळ संपता संपता त्याला जाग आली. पायाखालचं गवत पाय उचलल्यावर उठतं तशी मलमल जागोजाग हळूहळू वर येऊ लागली. सुनिम दुसऱ्या बाजूनं सुटलेले दोऱ्याचे तुकडे वेचून ताटलीत टाकत होती. आत्या गुडघ्यावर हात ठेवून पहारा दिल्यासारखी बसली होती.

"तो नाही, तो!" मधेच ती ओरडली. "दोन झाले. हा ठेवायचाय. डोळे कुठे आहेत तुझे?"

"चुकले, वन्सं."

"चुकू नकोस."

अर्धी रजई झाली होती. अंगणात घसा खाकरल्याचा आवाज आला आणि दार सरकलं.

मान्शिक उंबऱ्यावर उभा होता. चष्मा पुसत होता, म्हणून त्याला आधी काही दिसलं नाही. चष्मा लावला आणि दिसलं: खोळ उतरवलेली रजई, ताटलीभर दोरे, आणि रजईच्या मधोमध गुडघे टेकून बसलेली धाकटी भावजय, हातात सुई.

"हे काय चाललंय?"

बोसोंगवालीनं हात मागं घेतला. सुनिम अर्धवट उठली. दाम्यांगवालीनं तोंड उघडलं आणि तिला काही सुचेना. या माणसाशी ती पस्तीस वर्षांत खोटं बोलली नव्हती, कुठून सुरुवात करायची हेच तिला येत नव्हतं.

"माझ्यामुळे, दादा," ओक्दान आत्या म्हणाली.

"तुझ्यामुळे काय?"

"मला वाटलं वहिनीनं कापूस बदललाय. हिचा नवा काढून आपला जुना भरलाय. मीच खोळ उसवायला लावली."

मान्शिकचा चेहरा लाल होत गेला. "कुणाबद्दल म्हणतेस?"

"वहिनीबद्दल."

"ओक्दान! अगं तुझा जन्म गेला लोकांची गाठोडी हुंगण्यात. लहानपणी आईवर संशय, की धाकट्याला जास्त भात वाढते. आता हिच्यावर? जिनं सगळ्यांना पोसलं तिच्यावर? दारात लग्न उभं असताना?"

"हो."

"आणि काय निघालं?"

"कापूस चांगला निघाला. हिचाच. फक्त वहिनीचे टाके जवळजवळ पडले होते. डोळे राहिले नाहीत आता त्यांचे पहिल्यासारखे. तेवढे मोकळे करून घेतेय."

दाम्यांगवालीनं श्वास आत ओढला. आपल्या टाक्याला कुणी नाव ठेवलेलं तिनं आयुष्यात ऐकून घेतलं नव्हतं. ते तिनं गिळलं.

"आणि ही का बसलीय तिथं?" मान्शिकनं बोसोंगवालीकडे हनुवटी केली. "मी सांगितलं होतं ना?"

"शिवत नाहीये, दादा. उसवतेय. बघ ना, ताटलीत दोरे आहेत. टाका घालायला भरल्या घरची बाई लागते, काढायला कशाला लागते?"

मान्शिकनं ताटली बघितली. रजई बघितली. बोसोंगवालीची खाली घातलेली मान बघितली. त्याला आणखी काही विचारायचं होतं असं क्षणभर वाटलं, पण बहिणीचा राग त्याच्या जास्त जवळ होता.

"तिची माफी माग," तो म्हणाला. "आत्ता. माझ्यासमोर."

आत्या उठली, घागरा सावरला, दाम्यांगवालीसमोर गुडघ्यावर बसली आणि दोन्ही हात जमिनीवर टेकून वाकली, कपाळ हातांवर.

"चुकले, वहिनी. नको ते मनात आणलं."

"बास," मान्शिक म्हणाला. "तीनच्या आत खोळ चढली पाहिजे. टेम्पोवाला थांबणार नाही." दार सरकलं. त्याची पावलं अंगणातून गोठ्याकडे गेली.

सुनिमनं सोडलेला श्वास सगळ्यांना ऐकू आला. बोसोंगवालीनं सुई उचलली, एक टाका काढला, दुसरा काढला, तिसऱ्यावरून पुढं गेली. तिच्या डोळ्यांतलं पाणी मलमलीवर पडू नये म्हणून तिनं मान एका बाजूला वळवली होती.

आत्या अजून वाकलेलीच होती.

"उठा आता, वन्सं," दाम्यांगवाली हलकेच म्हणाली. "गेले ते."

"माहितेय," आत्या म्हणाली, आणि उठली नाही.